दोन फळ्यांचा वर्ग

सगळ्यात वरच्या मजल्यावर चौथीच्या वर्गात छताचं प्लास्टर कोसळलं. मुलं तेव्हा खाली खिचडी खात होती म्हणून बरं. त्याच दुपारी सम्यक कांबळे सर चौतीस मुलांची रांग घेऊन सुलक्षणाच्या दुसरीच्या दारात उभे राहिले. हातात खडूंचा डबा, केसांवर पांढरी धूळ.

"जागा मिळेल का, बाई?"

"माझीच पोरं मांडीला मांडी लावून बसलीत. तुमची कुठे बसवू, डोक्यावर?"

"मी उभाच राहीन. मुलांचं तेवढं बघा..."

तिनं बघितलं. मुलांकडे नाही, त्या धुळीच्या केसांकडे. ऐन तिशीतला माणूस म्हातारा होऊन आलेला! तिला हसू आलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

भांडुपच्या टेकडीवरची ती शाळा. वर्गाला समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे. दुसरीची मुलं एका फळ्याकडे तोंड करून, चौथीची दुसऱ्या फळ्याकडे, मधे पाठीला पाठ. दोन्ही शिक्षक एकदम बोलायला लागले की नुसता मासळीबाजार. म्हणून सुलक्षणानं पहिल्याच दिवशी नियम घातला: एकजण शिकवेल तेव्हा दुसऱ्याची मुलं गुपचूप लिहितील. नियम तिचा, आणि अडकलीही तीच. अर्धा दिवस त्याला ऐकत उभं राहायचं, तेही समोरासमोर, पाऊणशे डोक्यांवरून. पाच आठवड्यांत तिनं त्याचं जेवढं ऐकलं तेवढं बायका जन्मभरात नवऱ्याचं ऐकत नाहीत.

त्या शुक्रवारी प्रार्थना झाल्या झाल्या मोठ्या बाई, रश्मीताई, दारात आल्या. "कांबळे, वरचं काम झालं. सोमवारपासून चौथी वर."

मुलांनी ओरडा केला. सुलक्षणानं फळा पुसला, स्वच्छ होता तरी.

पहिला तास गणिताचा. दुसरीला वजाबाकी लिहायला दिली, आणि तिकडे सम्यकनं अपूर्णांक शिकवायला स्वतःच्या डब्यातली चपाती काढली.

"एक चपाती, चार माणसं. प्रत्येकाला किती?"

"पाव!" चौथी ओरडली.

"सर, भाजी कसली?" मागून मिथुननं विचारलं.

"भेंडी."

"मग माझा पाव भाग बाईंना द्या!"

अख्खा वर्ग खिदळला. सम्यकनं खरंच तो तुकडा वहीच्या कागदावर ठेवला आणि मुलांमधून वाट काढत आणून दिला.

"हिशेबानं आलाय. नाही म्हणू नका."

"कोरडाच? तुमच्या घरी पाहुण्याला असंच वाढतात?"

"घरी आलात तर भेंडीसकट वाढेन."

तिनं तुकडा घेतला. वजाबाकीची पुढची तीन गणितं तिनं फळ्यावर चुकीची लिहिली. मोठ्यातून लहान आकडा वजा करायचा, तर हिनं लहानातून मोठा. दुसरीची पोरं बिचारी बोटं मोजून दमली.

मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. "सुलू, कणकवलीची माणसं रविवारी येतली. मुलगो बँकेत आसा. संध्याकाळपर्यंत हो-नाही काय ता सांग, म्हणजे ती तिकिटं काढतली."

"आई, एवढी घाई..."

"एकोणतीस वर्षं थांबलंय. ही घाई?"

फोन बंद झाला. ओट्यापाशी सम्यक मुलांना खिचडी वाढत होता. आईचा खणखणीत आवाज फोनबाहेर येत होता; त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या हातातली पळी तशीच राहिली आणि समोरची मुलगी ताटली धरून ताटकळली.

दुपारी चित्रकला. विषय, आमचा वर्ग. दुसरीतल्या मानसीनं कागद आणून दाखवला. दोन फळे, इकडे बाई, तिकडे सर.

"अगं, माझे डोळे असे कानाजवळ का गेले?"

"तुम्ही तिकडेच बघता ना, बाई. म्हणून मी डोळे तिकडे काढले."

सुलक्षणाची कानशिलं तापली. तिला वाटत होतं, कुणाला कळत नाही! सात वर्षांच्या पोरीला जे दिसतं ते आपण पाच आठवडे झाकत बसलो... आणि कुणापासून?

शेवटचा तास सम्यकचा, नकाशाचा. शिकवताना रोज हसवणारा माणूस आज दिशा सांगतानाही तिच्या बाजूला बघत नव्हता. "पूर्व..." म्हणाला आणि खाली मान घातली. तिकडे ती उभी होती.

घंटा झाली. मुलं दप्तरं आपटत पळाली. सम्यक खडू डब्यात भरू लागला.

"सोमवारपासून तुमचा वर्ग मोकळा."

"हेच बोलायचं होतं?"

"बोलायचं बरंच आहे..." तो थांबला. "पण मी बोललो तर तुम्हाला घरी भांडावं लागेल. माझं आडनाव ऐकून तुमच्या घरी काय होईल, ते मला कळतं. तुमच्यावर ती वेळ मी का आणू?"

"वा! माझं भांडण मी करायचं की नाही, ते तुम्ही ठरवणार? एवढे शिकलात, आणि विचारायचं सोडून उत्तर स्वतःच लिहून बसलात?"

त्यानं डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "विचारतो. रविवारी त्या लोकांना नको म्हणाल? माझ्यासाठी?"

तिनं फोन लावला, त्याच्यासमोरच.

"आई, त्यांना तिकिटं काढू नका म्हणून सांग. ...हो, आहे एक. माझ्याच शाळेत. नाव त्याच्याच तोंडून ऐक." आणि फोन त्याच्या हातात.

"नमस्कार काकू. मी सम्यक. सम्यक कांबळे."

पलीकडे शांतता. एवढी लांब, की खाली फाटक करकरल्याचंही ऐकू आलं. सुलक्षणानं बाकाची कड घट्ट धरली.

मग आईचा आवाज आला, कोरडा. "कणकवलीवाल्यांना मी कळवीन. पण हिच्या बाबांना मी सांगायची नाही. ते तुम्ही येऊन सांगा. रविवारी अकराला."

"येतो."

"ते काय बोलतील ते माझ्या हातात नाही."

"बोलू देत. मी ऐकून घेईन, काकू."

त्यानं फोन पुढे केला. सुलक्षणानं फोन घेतला, त्याचा हात मात्र सोडला नाही.

"बाबा फार बोलतात," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचीच मुलगी."

रविवारी काय होईल ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोघं जिना उतरले. फाटकाशी मानसी आईची वाट बघत उभी होती. त्या दोन हातांकडे ती टक लावून बघू लागली.

"बघतेय ती," सम्यक पुटपुटला.

"बघू दे," सुलक्षणा म्हणाली, आणि हात आणखी घट्ट धरला.