बाबांना ऐकू आलेला आवाज

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून ती शेजारच्या जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरली. कॉम्प्युटरचा डबा कडेवर, केस विस्कटलेले.

"काय होतंय?" दुरुस्तीवाल्यानं मान वर न करता विचारलं.

"आवाज येतोय."

"कसला?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे तिनं आधी पाहून घेतलं. "टक... टक... टक... आणि मग खर्रर्र."

"पुन्हा करा जरा."

तिनं पुन्हा केलं. त्यानं आणखी एकदा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला त्याचे ओठ एका बाजूला हलले.

"पहिल्या वेळीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो. पण इतकं मन लावून कुणी करून दाखवत नाही."

एरवी ती फणकारून निघून गेली असती. पण तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हार्ड डिस्क जातेय," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आत तबकडी फिरते, ती वाचणारा बारीक काटा अडखळतोय. किती वेळा चालू करून पाहिलंत?"

"पाच."

"सहाव्यांदा नको."

मग तिनं त्या परक्या माणसाला एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबा निवृत्त शिक्षक. सहा वर्षं ते आसपासच्या माळावरच्या गवतांची नोंद करत होते. दोनशेच्या वर गवतं झाली होती आणि सगळी याच डिस्कवर. बाबांना ऐकू येत नाही, आणि ती दिवसभर ग्रंथालयात कामाला. त्यामुळे डिस्क किती दिवस ओरडत होती आणि बाबा मशीनसमोर शांतपणे टाइप करत बसले होते, कोण जाणे. "याची एक प्रत काढून ठेव गं," असं ते पहिल्या वर्षीच म्हणाले होते. "रविवारी काढते," असं ती दर वेळी म्हणाली. तो रविवार काही उजाडला नाही. आता घरी तिनं सांगितलं होतं, मशीन साफ करायला दिलंय.

"थोडी चालवायची, थांबायचं, गार होऊ द्यायची," तो म्हणाला. "मध्येच कधीही बंद पडेल. म्हणून आधी काय वाचवायचं ते तुम्ही सांगायचं. रोज."

"फोनवर सांगितलं तर?"

"चालेल की." तो टेबलावर स्क्रू शोधू लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता. "पण... आलात तर बरं."

ती ओळीनं आठ दिवस संध्याकाळी गेली. डिस्क विसावा घ्यायची तेव्हा दोघं दोन स्टुलांवर बसायची. तो डिस्कवर तळहात ठेवून तिची ऊब पाहायचा आणि गवतांची नावं विचारायचा. तिला चारसुद्धा धड आठवेनात, तेव्हा तो म्हणाला, "मग उद्या घरून पाठ करून या." ती खरंच करून आली. तिनं नावं लिहून मागितली तेव्हा बाबांना जरा नवल वाटलं.

आठव्या संध्याकाळी टक टक झालं आणि थांबलं.

"गेली," तो हळूच म्हणाला. एकोणीस गवतं आतच राहिली होती. तिचे डोळे भरून आले. त्यानं समजूत घातली नाही. पंखा बंद केला, दार लोटून घेतलं, आणि तिचं रडून होईपर्यंत नुसता बसून राहिला. तेव्हाच तिला कळलं की हा माणूस आपल्याला हवा आहे.

घरी तिनं कागदावर लिहून बाबांपुढे धरलं. एकोणीस गेली, माझ्या आळसानं.

बाबांनी चष्मा पुसला. "ती मी पुन्हा लिहीन. पण ही तुझी चालढकल, पोरी... सगळ्याच गोष्टी काही पुन्हा लिहिता येत नाहीत."

नवी डिस्क बसवायला तो घरी आला. काम अर्ध्या तासाचं, पण त्याला दीड तास लागला. दाराशी तो घुटमळला. "काही अडलं तर..."

"कळवते."

अडलं काहीच नाही. पंधरा दिवस ती रोज समोरच्या फुटपाथवरून जात राहिली. दुकानात दिवा दिसायचा, त्याची वाकलेली मान दिसायची. बोलू उद्या, असं म्हणत ती घरी यायची.

शनिवारी चारला बेल वाजली. दारात तो, हातात अवजारांची पिशवी.

"तुमच्या बाबांचा फोन आला होता. मशीन फार आवाज करतंय म्हणाले. मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, तुमचं मला ऐकू येत नाहीये, तुम्ही नुसते शनिवारी चारला या."

तिनं मागे वळून पाहिलं. बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

"पण बाबांना तर ही बेलसुद्धा ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"हो. आणि नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाहीच. ती आवाज करूच शकत नाही."

"हे तुम्हाला फोनवरच कळलं असेल."

"लगेच."

"मग आलात कशाला?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. "तुम्ही बोलवाल म्हणून पंधरा दिवस वाट पाहिली. शेवटी तुमच्या बाबांनी बोलावलं."

तिला रोजचा तो 'उद्या' आठवला, रविवार आठवला, एकोणीस गवतं आठवली. उंबऱ्यातच उभी राहून ती म्हणाली, "मला तुम्ही आवडता. रोज समोरून जाते मी... आत यायचा धीर होत नाही."

मग त्याचे ओठ एका बाजूला हलले.

"पुन्हा म्हणा जरा."

"पहिल्या वेळीच कळलं ना तुम्हाला?"

"कळलं," तो म्हणाला. "तरी."

तिनं पुन्हा म्हटलं.