झडतीला बाई हवी

पांढुर्णा स्टेशनावर विजयमाला गाडीतून उतरली, तीच एका उंच तरुणासमोर. मागे संत्र्यांच्या पेट्यांची रास, पुढे हा. बाजूला सरकेल असं तिला वाटलं, पण तो सरकला नाही.

"बाई, ट्रंक उघडावी लागेल," तो हळूच म्हणाला. "अफू खात्याचा माणूस आहे मी. मोरेश्वर उमाठे."

नवं मध्यप्रदेश राज्य होऊन तीन-चार महिनेच झाले होते. नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं होतं आणि पांढुर्णा एकाएकी सरहद्दीचं गाव झालं होतं. सरहद्द आली तसा चोरटा मालही आला. हिरव्या लुगड्यातली एकटी बाई लोखंडी ट्रंकेतून अफू आणते आहे, अशी त्या दिवशी खबर होती. गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी विजयमाला बैतूलच्या मावशीकडून परतत होती, आणि तिचं पातळ नेमकं हिरवं होतं.

तिनं ट्रंक उघडली. कपड्यांखाली फडक्यात बांधलेला काळा, चिकट गोळा निघाला. मोरेश्वरचा चेहरा गंभीर झाला.

"चिंच आहे," ती म्हणाली. "चाखून पाहा ना."

त्यानं चाखली. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले... आणि विजयमालाला हसू आवरेना.

तरी अंगझडती राहिलीच होती. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा कायदा, आणि खात्याकडे बाई नव्हती. स्टेशनमास्तरांच्या पत्नी देवकाबाई कुरडया घालत होत्या, हात धुऊन यायला त्यांना वेळ लागणार होता. मोरेश्वरनं आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः उन्हात उभा राहिला.

"तुम्ही काहून उभे?"

"संशय माझा, खोळंबा तुमचा. खुर्ची तरी तुमची असू द्या."

बसल्या बसल्या ती विचारत गेली, तो सांगत गेला. मंदसोर-नीमचकडे परवान्याशिवाय अफूचं रोप लावता येत नाही. शेत मोजणारा वेगळा, चीक तोलणारा वेगळा, माल कोठारात ठेवणारा वेगळा, आणि वाटेत पळवलेला माल धरणारे त्याच्यासारखे वेगळे. एकाच्या हाती सगळं कधी द्यायचं नाही.

"म्हणजे खात्याचा आपल्याच माणसांवर भरवसा नाही?"

"नाही," तो हसला. "म्हणून तर मी रात्री निवांत झोपतो."

देवकाबाईंनी झडती घेतली, काहीच निघालं नाही, आणि विजयमाला घरी गेली. पुढच्याच आठवड्यात तो तिच्या शाळेत आला. बायकांची झडती घ्यायला, पंच म्हणून याल का, असं त्यानं विचारलं. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, आणि विजयमालानं... जरा जास्तच लवकर हो म्हटलं.

मग बोलावणी येऊ लागली. पडद्याआड ती बायकांची झडती घ्यायची आणि बाहेर आली की त्याला पाहायची. पकडलेल्या माणसासमोरच तो माल तोलायचा. पंचनामा त्याला वाचून दाखवायचा, समजला का म्हणून विचारायचा. आवाज कधी चढवायचा नाही. लाखेचं सील करताना बोट भाजलं की तेवढं तोंडात घालायचा, आणि ती पाहते आहे हे दिसलं की पटकन काढायचा.

वैशाखात एक दिवस शकुबाई पकडली गेली. कापसाचे व्यापारी पुंडलिकराव यांची ती विधवा बहीण, आणि पुंडलिकराव शाळेच्या कमिटीवर. मोरेश्वरनं विजयमालाला बाजूला घेतलं. सौंसरहून दुसरी बाई बोलावतो, तुम्ही घरी जा, असं तो म्हणाला. तिची नोकरी त्याच्या ध्यानात होती.

"आणि तोवर हिला इथंच बसवून ठेवता का?" विजयमाला म्हणाली, आणि पडद्याआड गेली.

अफू कमरेला बांधलेली निघाली. शकुबाई रडू लागली. भावानं बांधून दिली, नाही म्हणायची सोय नव्हती, असं तिनं सांगितलं. हेच चारचौघांसमोर सांगा, असं विजयमालानं तिला समजावलं. शकुबाईनं तिचा हात धरून ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत पुंडलिकराव अटकेत होते.

चौकशीला वरचे साहेब स्वतः आले. विजयमालाला प्रश्न विचारताना त्यांनी मोरेश्वरलाही खोलीबाहेर उभं केलं. एकाच्या हाती सगळं नाही, ते हेच; तिला ते फार आवडलं. पण कमिटीत पुंडलिकरावांचे सोबती होते. जूनमध्ये तिची बदली रामाकोन्याच्या शाळेत झाली.

मोरेश्वर निरोप द्यायला आला नाही. पाऊस येऊन गेला, कापूस फुटला, तरी त्याचा शब्द नाही. काम संपलं, ओळख संपली, असं ती मनाला सांगायची. मन ऐकायचं नाही.

आणि एका दुपारी छोट्या रेल्वेगाडीतून तो उतरला, शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तिच्या हातातला खडू मोडला.

"कुठं झडती आहे का?" तिनं शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं.

"नाही. यापुढं तुम्हाला पंच म्हणून बोलावता येणार नाही."

"काहून? माझं काही चुकलं?"

"पंच अधिकाऱ्याच्या नात्यातला चालत नाही."

"पण मी कुठं तुमच्या..." ती थांबली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"काल निकाल लागला," तो खाली पाहत म्हणाला. "पुंडलिकरावांना सजा झाली, शकुबाई सुटली. त्याआधी मी तुम्हाला भेटलो असतो तर तुमच्या साक्षीवर कोणी बोट ठेवलं असतं. म्हणून आलो नाही. रोज यावंसं वाटून राहिलं होतं. आधी तुम्हाला विचारतो, मग बोरगावला तुमच्या वडिलांना."

वर्गातल्या मुली खिडकीशी गोळा झाल्या होत्या. विजयमालानं पदर सावरला.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पंच म्हणून बोलावत राहीन," तो म्हणाला, पण आवाज पुरता कापला.

ती वर्गाकडे वळली, आणि जाता जाता, त्याला ऐकू जाईल इतकंच म्हणाली,

"खात्यासाठी दुसरी बाई पाहून ठेवा."