घाटासाठी नवी जोडी

तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. पहिला गिअर असूनही इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

"नाना, सपाट रस्त्यावर तर ही सुसाट पळते! मग इथेच काय होतं हिला?" केतकीचा आवाज रडवेला झाला होता.

वर सोनजाई पठारावर तिची आई होती. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी (प्रकाशाच्याच जातीच्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) टिपणाऱ्या तबकडीवर ती काम करत होती. त्या लहरी इतक्या क्षीण, की विजेच्या गाडीतून निघणाऱ्या लहरींची कुजबुजही त्यांना बुडवून टाकते. म्हणून तिथे फोन नव्हता आणि २०६१ सालच्या नव्या गाड्यांना मनाई होती. इंजिनातल्या ठिणगीतूनही अशा लहरी निघतात; ठिणगीशिवाय चालणारी जुनी डिझेल गाडी मात्र चालत असे. गावात तशी एकच उरली होती, नानांची. पावसाळ्यापासून केतकीने आईचा आवाज ऐकला नव्हता. आणि भेटीचा दिवस होता येत्या रविवारी; आज ते गाडी घाट चढते का, एवढंच पाहायला आले होते.

नाना म्हणजे आईचे वडील, जन्मभर गिअरांवर संशोधन केलेले. घरी येऊन त्यांनी मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी बाहेर काढली.

"हे छोटं पिनियन. इंजिनाची ताकद इथे येते. हे मोठं क्राउन, चाकांना फिरवणारं. पिनियन फिरव आणि मोज."

"तीन फेरे झाले, तेव्हा क्राउनचा एक!"

"हेच गुणोत्तर (दोन संख्यांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण). सायकलवर चढ आला की तू काय करतेस?"

"हलका गिअर टाकते. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते."

"इंजिनाचंही तसंच. चाकाच्या एका फेऱ्यामागे त्याचे फेरे वाढले की चाकाला जोर जास्त मिळतो, वेग मात्र घटतो. आधीच्या मालकाला वेग हवा होता, म्हणून त्याने तिनाची जोडी बसवली."

फळीवर आणखी दोन जोड्या होत्या, चाराची आणि पाचाची.

"पाचाची बसवा ना!" केतकी म्हणाली. "सगळ्यात जास्त जोर!"

"पण घाटाआधी लांबलचक माळ आहे. तिथे इंजिन उगाच गरगरेल, तापेल आणि डिझेल पिऊन टाकेल. आता वाटेत पंप कुठे उरलेत?"

केतकीने चाराची जोडी उचलली. "हिच्याने चढेल?"

"चढायला हवी," नाना म्हणाले. 'चढेलच' म्हणाले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

रविवारी माळ सहज सरला. तिसऱ्या वळणावर गाडी थरथरली, गुरगुरली. केतकीने सीट घट्ट धरली. गाडी माणसाच्या चालीने सरकत राहिली, पण थांबली नाही.

फाटकापाशी आई उभी होती. "केतू!" एवढंच म्हणाली. केतकीने तिच्या कुशीत तोंड लपवलं. सांगायचं ठरवलेलं तिला काहीच आठवेना.

संध्याकाळी परत निघावं लागलं. उतारावर नानांनी ब्रेकला पाय लावला नाही, तरी गाडी बेताने उतरत होती.

"चाकं आता उलट इंजिनाला फिरवताहेत ना? म्हणून ते त्यांना आवरतंय?" केतकीने विचारलं.

"अगदी बरोबर. पाचाची असती, तर आणखी हळू उतरलो असतो."

केतकी मागच्या काचेतून पाहत होती. तबकडीखाली आई अजून हात हलवत होती, बोटाएवढी दिसत होती.

"नाना," ती म्हणाली, "पुढच्या वेळी डिझेलचा एक डबा बरोबर घेऊ. आणि पाचाची बसवू."