शिडीजवळच्या सहा फरश्या

त्यांची ओळख झाली ती भांडणाने. वायरिंगचं काम करणारी ती बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावाशी आली आणि नुकत्याच बसवलेल्या ओल्या फरशीवर खुशाल बूट ठेवून उभी राहिली.

"अहो, पाय!" फरशीवाला ओरडला.

"असू दे, माझाच आहे."

"पाय तुमचा, फरशी माझी."

पुढचे चार दिवस ती पंपाच्या खोलीत आणि तो उन्हात. डबा खायला मात्र दोघांना एकाच झाडाची सावली लागायची. बंगल्याभोवती झाडं कमी नव्हती. तो बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि एरवी बडबडीने कावणारी ती ऐकत बसायची. आवडला होता तो तिला. उगाच आढेवेढे कशाला?

पाचव्या दिवशी तिने तपासणी केली. फरशीवाला कामावर यायच्या आधीच तिने फरशीखालच्या सळया, कठडा, पंप आणि पाण्यात उतरायची शिडी असं सगळं लोखंड एका तांब्याच्या तारेने जोडलं होतं. मीटरने सगळं बरोबर दाखवलं. शिडीची जोडणी मात्र तुटलेली.

"इथे खालून एक तार शिडीला जात होती..." ती म्हणाली.

फरशीवाल्याची नजर शिडीजवळच्या फरश्यांकडे गेली. त्याचा चेहरा पाहून तिला काय ते कळलं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "झालं ना? संध्याकाळी नातवंडं येताहेत, ती काही ऐकायची नाहीत. तपासणीच्या दाखल्यावर सही करून टाका."

"नाही करता येणार. कुठे वीज झिरपली आणि पोराने ओल्या फरशीवर उभं राहून शिडी धरली, तर त्याच्या अंगातूनच झटका जाईल. सगळं एकमेकांना जोडलेलं असलं की तो धोका राहत नाही. तार कोणीतरी कापलीय."

"कोणी?"

ती मीटरकडे बघत राहिली. नाव सांगावं तर त्याचं काम जाणार. आणि तो असाच गप्प राहिला तर... त्याच्याकडे पुन्हा त्या नजरेने बघता येणार नव्हतं.

"मी," तो म्हणाला. "फरशी सपाट बसत नव्हती. फालतू तुकडा वाटला, छाटला. विचारायला हवं होतं."

मालकीणबाईंचा पारा चढला. "नीट करा, आणि उद्यापासून येऊ नका!"

त्याने छिन्नी घेतली आणि स्वतःच्या हाताने बसवलेल्या सहा फरश्या फोडल्या. तिने नवी तार जोडून पक्की आवळली. मीटरवरचा अडथळ्याचा आकडा शून्याला टेकला, तेव्हा कुठे तिने दाखल्यावर सही केली.

तो नव्या फरश्या बसवत होता. ती शेजारी उकिडवी बसली... पाय सांभाळून.

"काम गेलं," तो म्हणाला. "आता तुमच्याबरोबर डबा खायला काय निमित्त काढू?"

"निमित्त कशाला? आवडता तुम्ही मला."

त्याच्या हातातली थापी थांबली. "तार कापली म्हणून?"

"सांगितलंत म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. "खरं तर आज आधी मीच विचारणार होतो... पण होता नव्हता तेवढा धीर मघाशी 'मी' म्हणण्यातच संपला."