अंतरपाटाचं पांढरं

प्रत्येक लग्नाच्या कामाआधी मी कोरा पांढरा हातरुमाल विकत का घेते, असं तुम्ही विचारलंत. हसू नका, सांगते. तो दिवा तेवढा इकडे सरकवा.

हॉलमधला उजेड फार खोटारडा असतो. छतातले दिवे पिवळे, स्टेजच्या कडेला जांभळे आणि त्यात आमच्या फ्लॅशचा झोत. या खिचडीत कॅमेरा गोंधळतो. म्हणून आधी फ्लॅश मारून एखाद्या पांढऱ्या वस्तूचा फोटो काढायचा आणि त्याला सांगायचं, बाबा रे, हे पांढरं. बाकीचे रंग मग तो त्यावरून लावून घेतो. वस्तूच पिवळट निघाली, तर तो पिवळेपणा मारायला सगळ्यात निळं मिसळतो. पुढे कॉम्प्युटरवर ते सुधारता येतं, पण माझा हट्ट असतो की जागेवरच रंग बरोबर यायला हवेत.

कामोठ्याच्या त्या लग्नाला यासाठीचं माझं पांढरं कार्ड घणसोलीला घरीच राहिलं. सकाळचा मुहूर्त, परत जायला वेळ नाही. स्वतःवरच चिडत मी नवरीच्या खोलीत शिरले. वैष्णवी मुंडावळ्या बांधून एकटीच बसली होती. मंडळी मूळची साताऱ्याकडची, पोरगी मात्र कामोठ्यात वाढलेली, शहरी, फटकळ आणि गोड. पांढरं काहीतरी हवंय म्हटल्यावर तिने पाटावर घडी करून ठेवलेला अंतरपाट उचलला.

"हा चालेल ना, ऋताताई? आजीच्या ट्रंकेतला आहे. आमच्याकडे सगळ्या मुलींना हाच धरतात. टेन्शन नका घेऊ, मी पकडते."

एक टोक धरून तिने तो झटकला. कापड माझ्यासमोर आडवं, ताठ उभं राहिलं, एक सुरकुती नाही. कॅमेऱ्यात दुसरं काही दिसतच नव्हतं. मी फ्लॅश मारला, कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं आणि सुटले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिला फोटो पाहिला, तर सगळे निळे. नवरदेव शिवतेज निळा, मामा निळा, गुरुजी निळे. अंतरपाट जुना होऊन पिवळा पडला होता आणि हॉलच्या दिव्यांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि मग दिसलं, की एक बाई निळी नव्हती. वैष्णवीच्या उजव्या हाताला, हिरव्या नऊवारीत, कपाळाला मुंडावळ्या. हळद हळदीच्या रंगाची, कुंकू कुंकवाच्या.

मी मान वर केली. वैष्णवीच्या उजव्या हाताला कोणीच नव्हतं.

खरं सांगू, तेव्हा भीती वाटलीच नाही. कुतूहल इतकं होतं, की गुरुजी काय म्हणतायत ते ऐकूही येईना. मी जागा बदलली, लेन्स बदलली, फ्लॅश छताकडे वळवून पाहिला. प्रत्येक फोटोत ती होती आणि दर वेळी वैष्णवीच्या थोडी आणखी जवळ. एकच उजेड सगळ्यांवर पडत असताना एकटीचेच रंग बरोबर कसे येतील? ते कापड ज्या उजेडात पांढरं होतं, त्याच उजेडात ती उभी असावी, असं काहीतरी डोक्यात आलं.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. पुढच्या फोटोत ती बाई नव्हती. सगळे निळेच होते. फक्त वैष्णवीचे रंग बरोबर आले होते.

जेवणं चालू असताना वैष्णवीची आजी, राजाबाई, माझ्याजवळ आल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं. पोर फोटोत कशी दिसते, ते मला विचारायला आल्या होत्या. ही नात त्यांनीच वाढवलेली, तिच्यावर भारी जीव. मी त्या हिरव्या नऊवारीतल्या बाईबद्दल सांगितलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

ती गोजरा, त्यांची थोरली बहीण. बोहल्यावर उभी असताना, अंतरपाट दूर व्हायच्या आत कोसळली ती उठलीच नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात म्हणून तोच अंतरपाट धरतात. ती येते, लग्न बघते आणि जाते. राजाबाईंना ती लाडाने राजू म्हणायची. तसं म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"बोहल्याआधी कुनी उलगडला न्हाई ना त्यो?"

मी खोलीतली हकीकत सांगितली. त्या हळूच म्हणाल्या, "दोन मानसं लागत्यात धराया... एकलीनं धरला, तर दुसरं टोक कुनी धरलं, बाई?"

खोलीत वैष्णवी एकटी होती. आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते.

"माझी पोर हाय का गं त्या फोटुत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, छान दिसतेय.

घरी येऊन सगळे फोटो सुधारले. वऱ्हाड माणसांत आलं. वैष्णवी मात्र पिवळीधमक झाली, कंदिलाच्या उजेडात बसवल्यासारखी. तेवढ्या एका बाईचा रंग मला काही केल्या जमेना.

महिन्याने ती अल्बमचे फोटो निवडायला माझ्या घरी आली. सुधारलेले तिने बाजूला सारले आणि निळे मांडीवर ओढून घेतले.

"ह्येच ऱ्हाऊ द्या. ह्यातच म्या नीट दिसतीया."

कामोठ्यात वाढलेली पोर असं बोलली. मला मस्करी वाटली, म्हणून मी हसले. ती हसली नाही. तिने फोन काढून आजीला लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"राजू, जेवलीस का गं?"

पलीकडून राजाबाईंचा रडवेला आवाज आला.

"व्हय, अक्का..."