आह काऊच्या पुढचे शिंपले

तिओ घराण्यातल्या बी एंगला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळाचा महिना अजून भरला नव्हता. महिना भरल्याची लाल अंडी वाटायची होती, जावळ काढायचं होतं. त्याआधीच बी एंगचा बाप आह काऊ गेला, आणि आह हुआयच्या खानावळीला कुलूप लागलं.

दोन दिवसांनी आह हुआय ताइपिंगला ख्यू आंटीच्या दारात उभी राहिली. जेट्टीवरचे गमबूटही तिने काढले नव्हते. हातात झाकणाची प्लास्टिकची बादली होती.

ही ख्यू स्वी गैक पूर्वी इस्पितळात मेट्रन होती. आता ती लोकांच्या भानगडी उकलून द्यायची. तिची गाडी चालवायचा सेल्वम. तो निवृत्त बसड्रायव्हर होता आणि प्रत्येक भानगडीत स्वतःचं मत द्यायचा. ते बहुधा चुकायचं.

"बसा," ख्यू आंटी म्हणाली.

"बसायला नाही आले. आमच्या कुआला बातांग गावात परवापर्यंत माझ्या दारात जेवायला रांग लागायची. आज तीच माणसं दारावर थुंकून जातात. म्हणे माझ्याकडच्या शिंपल्या, तिसऱ्या खाऊन आह काऊ मेला!" तिने बादली जमिनीवर आपटली. "हे बघा त्याच्या पुढचे शिंपले. जसेच्या तसे उचलून ठेवलेत. यात एक तरी मिटलेला आहे का? मेलेली तिसरी उकळून उघडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या सरकारी साहेबाने बादलीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. नाकाला रुमाल लावला आणि नोटीस डकवून गेला. माझी खानावळही बंद, आणि चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या सगळ्या बायांची रोजीरोटीही बंद!"

ख्यू आंटीने झाकण उघडलं. सेल्वम चार पावलं मागे सरला. शिंपले सगळे उघडे होते. कडांना लाल तेल वाळून चिकटलं होतं. तिने एक उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला.

"टेबलावर कोण कोण होतं?"

"आह काऊ, त्याचा पुतण्या चिन हुआत, आणि पांग. टेबलावर एकच शेगडी, एकच उकळतं भांडं, त्यातच सगळे शिजवून खातात. मग मेला तो एकटाच कसा?"

"इस्पितळात काय म्हणाले?"

"ओठ बधिर झाले, जीभ जड झाली, मग श्वास थांबला. तिसऱ्यांच्या विषाने असंच होतं म्हणे. आणि सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ल्या, म्हणून एकटा गेला. एवढा ढीग होता ना त्याच्या पुढे!"

"भांडं कुठलं दिलं होतंत?"

आह हुआयचा चेहरा पडला. मग आणखी तापला. "मधे पत्रा असलेलं. दोन खणांचं. एकीकडे तिखट लाल रस्सा, एकीकडे साधा पांढरा. जन्मभर या माणसाने असल्या भांड्याला नावं ठेवली. म्हणायचा, 'हे शहरी पाहुण्यांचं खूळ!' आणि गेले काही दिवस स्वतःच मागायचा. वर मला दम, 'माझ्या बाजूच्या रश्शात तिसऱ्यांचं पाणी घालायचं नाही.' चाळीस वर्षं तेच पाणी प्यायला की मेला!" ती थांबली. "हे मी पोलिसांना नाही सांगितलं. त्यांना वाटलं असतं, म्हाताऱ्याला माझ्या मालाचा आधीच संशय होता."

"तोंडी लावायला काय होतं?"

"बाकीच्यांना मिरचीची चटणी. त्याला एकट्याला आंबवलेल्या सोयाबीनची, भरपूर लसूण घालून. चटण्या गल्ल्याजवळच्या बरण्यांतून ज्याने त्याने घ्यायच्या. मोठ्यांना घरातला लहान आणून देतो. आणि हो, त्या गोंधळात माझी कोंबड्याच्या चित्राची बशीसुद्धा कुणीतरी ढापली. माणूस मरतोय आणि हे बश्या चोरतायत!"

ख्यू आंटी उठली. "सेल्वम, गाडी काढ."

"बादली गाडीत नको, मॅडम."

"बादली पुढच्या सीटवर. तुझ्याशेजारी."

*

पांग जेट्टीवर जाळं झाडत होता. गालफडं बसलेली, डोळे लाल.

"या, या. मीच मारला त्याला. सगळा गाव हेच म्हणतोय ना?"

"त्या दिवशी सकाळी तुमचं भांडण झालं होतं."

"रोजच व्हायचं. आम्ही एका नावेत वाढलो. तो म्हणे, जेट्टी आणि चिखलपट्टी हॉटेलवाल्यांना द्यायची नाही. मी म्हटलं, 'अरे काऊ, आपली पोरं कोण चिखलात उतरतायत आता?' तो म्हणाला, 'मी मेल्यावर दे.'" पांगने जाळं आपटलं. "संध्याकाळी त्यानेच जेवायला बोलावलं. म्हणाला, 'भांडून दमलास, आता खा.'"

"त्याला तिसऱ्या खाताना पाहिलंत?"

"मी माझ्या बाजूला लाल रश्शात तोंड घालून बसलो होतो, दुसऱ्याचे घास कशाला मोजू? मधे उठून लॉरी बाजूला लावायला गेलो. परत आलो तर तो म्हणतोय, ओठांना मुंग्या आल्यात. मग खुर्चीतून घसरला. मी त्याला उचलला, गाडीत घातला. त्याच्या पुढचा ढीग तेव्हा पाहिला खरा."

बाजूच्या बादलीत टाकाऊ मासे होते. त्यांत एक ठिपक्यांचा, गोल पोटाचा मासा अजून फुगून बसला होता. सेल्वमने त्याला चपलेने डिवचलं.

"हात लावू नका!" पांग खेकसला. "केंड आहे. त्याचं काळीज खाल्लं तर माणूस बोलता बोलता गप्प होतो. समुद्रात परत फेकायचे असतात, पण चिन हुआत आल्यापासून ही बादली ठेवतो. त्याला लागते."

"कशाला?"

"घरच्या बदकांना म्हणे. शिजवून घालतो."

गाडीत बसताच सेल्वम म्हणाला, "मॅडम, हाच. भांडण याचं, विषारी मासा याचा. आणि बादली उघड्यावर ठेवतो म्हणजे निर्लज्ज."

"आपल्या खुनाचं हत्यार पाहुण्यांना दाखवून 'हात लावू नका' म्हणणारा खुनी मी अजून पाहिला नाही."

*

शवपेटी देवळाच्या अंगणात ठेवली होती. घरात बाळंतीण असल्यामुळे मढं घरी नेलं नव्हतं. चिन हुआत सुतकाचे कपडे घालून आल्यागेल्याला पाणी देत होता. पस्तिशीचा, नीटनेटका. गेली काही वर्षं तो दूर जोहोरला असायचा. बाळाच्या जन्मानंतर आठवड्याने परतला होता.

"मोठ्या काकांनी शेवटचा घास माझ्या हातचा खाल्ला, आंटी," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बोटांना शिंपले भाजत होते, म्हणून मी एकेक सोलून दिला. तिसऱ्या म्हणजे त्यांचा जीव. मला काय माहीत मी विष भरवतोय!"

"लाल रश्शातल्या?"

"छे! लाल बाजू माझी आणि पांग अंकलची. काकांच्या पोटाला तिखट चालायचं नाही. त्यांच्या तिसऱ्या त्यांच्याच पांढऱ्या बाजूला शिजवल्या."

"चटणी कोणी आणली?"

"मीच. लहान मीच होतो ना. पण आंटी, आता हे सगळं कशाला? ही चिखलपट्टीच नासली आहे. पेटी उचलली की जेट्टीचं काय ते बघावं लागेल. कागदावर तिओ घराण्याची सही लागते, काकांच्या जागी आता मलाच करायची आहे."

"तुमच्या बहिणीला भेटायचंय."

त्याचा आवाज चढला. "बी एंगला? ती बाळंतीण आहे! तिला अजून सांगितलेलं नाही. दूध आटेल तिचं. पोलिसांनाही आम्ही उंबरा ओलांडू दिला नाही."

"मीसुद्धा ओलांडणार नाही," ख्यू आंटी म्हणाली.

*

आह काऊचं घर खांबांवर उभं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या, आतून आलं आणि तिळाच्या तेलाचा वास. परसातला बदकांचा खुराडा उघडा होता. आत गुडघाभर गवत वाढलं होतं.

दाईने दार अडवलं. "देवळातून आलात? मग आत नाही."

"दाराबाहेरूनच बोलते." ख्यू आंटीने आवाज मऊ केला. "बी एंग, मी ख्यू आंटी. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी इस्पितळात मला मदतीला बोलावलं होतं, आठवतं?"

"आंटी!" आतून आवाज आला. "बाबा कुठे आहेत? दोन दिवस त्यांचं खोकणंसुद्धा ऐकू आलं नाही."

दाईने पदराचा बोळा तोंडात धरावा तसा हातरुमाल दातांत धरला.

"देवळात आहेत," ख्यू आंटी म्हणाली. खोटं नव्हतं ते. "पोरी, महिना भरेल तेव्हाचं जेवण ठरवायचंय. तुझ्या बाबांसाठी काय करू? तिसऱ्या?"

आत हसण्याचा आवाज झाला. "तिसऱ्या नको! कुणाला सांगू नका, सांगितलं की नवस फुकट जातो. मी अडले होते ना, तेव्हा बाबा सागरमातेला नवस बोलले, पोरगी आणि पोर वाचू दे, शंभर दिवस तिसरीला शिवणार नाही. तिसरीचं पाणीसुद्धा नाही. मी विचारलं, एवढं आवडतं ते का सोडलंत? तर म्हणाले, 'नावडतं सोडलं तर देवीला काय मिळालं?'"

बाहेर जिन्याची पायरी करकरली.

"आंटी? फक्त जेवणाचं विचारायला तुम्ही ताइपिंगहून आलात?"

ख्यू आंटी जिना उतरली. सेल्वमने तिचा चेहरा पाहिला आणि लगेच इंजिन सुरू केलं.

"ओहोटी लागलीय का?" तिने विचारलं.

"लागतेय."

"आह हुआयला सांग, तिसऱ्या काढणाऱ्या सगळ्या बायांना दाताळी घेऊन बोलवायला. खानावळीच्या मागचा चिखल विंचरायचाय."

*

दुपारी खानावळीसमोर गाव जमला. पोलीस सार्जंट होता, पांग होता. चिन हुआतला देवळातून बोलावून घेतलं होतं. दारावर नोटीस फडफडत होती. ख्यू आंटीने बादली बाकावर ठेवली.

"तुम्ही सगळे या बाईच्या दारावर थुंकलात," ती म्हणाली. "आता पाच मिनिटं तोंडं बंद ठेवून ऐका.

"भांड्याला दोन खण होते. आह काऊ पांढऱ्या बाजूचं खात होता. चिन हुआत म्हणतो, त्याच्या तिसऱ्या तिथेच शिजवल्या. मग त्याच्या पुढच्या शिंपल्यांना लाल तेल कुठून आलं? सार्जंट, बघा. एकही पांढरा नाही. हे लाल रश्शातले शिंपले आहेत. पांग लॉरी लावायला गेला, तेव्हा लाल बाजूला जेवणारा एकच माणूस टेबलावर होता. त्याने आपल्या पुढचे शिंपले म्हाताऱ्याच्या पुढे सरकवले."

"म्हाताऱ्याने लाल बाजूच्याही घेतल्या असतील!" चिन हुआत म्हणाला.

"मघाशी तुम्ही शपथेवर सांगावं तसं उलट सांगितलंत. पण घेतल्या नाहीत. कारण शिंपल्याला न शिवण्याचा आह काऊचा नवस होता. नातवासाठी. म्हणून तर त्याने दोन खणांचं भांडं मागितलं, म्हणून त्याच्या बाजूला तिसऱ्यांचं पाणी नको होतं. तुम्ही जोहोरला होता. तुम्हाला ठाऊक होते ते जुने काका, तिसऱ्यांवर तुटून पडणारे. त्यांच्या भरवशावर तुम्ही बेत केलात. आणि त्या दिवशी काका तिसऱ्यांना हातच लावेनात. पण चटणी तर पोटात गेली होती. मग ढीग रचण्यावाचून काय उरलं?"

"चटणीत काय होतं?" सार्जंटने विचारलं.

"केंडाचं काळीज. ओठ बधिर, जीभ जड, श्वास बंद. तिसऱ्यांच्या विषाचीच लक्षणं, म्हणून डॉक्टर फसले. लसणाच्या त्या चटणीत काळीज कुटून घातलं तर कुणाला कळणार? ती चटणी एकटा आह काऊच खायचा, आणि ती आणून दिली पुतण्याने. केंड मिळाला पांगच्या बादलीतून, बदकांच्या नावाने. तिओंच्या खुराड्यात बदक नाही. गवत आहे."

पांगने डोकं धरलं. "माझ्या हातानं दिला मी. माझ्या हातानं!"

"एका बशीत दोन कामं," ख्यू आंटी चिन हुआतकडे वळली. "सही न करणारा म्हातारा गेला, आणि चिखलपट्टी विषारी ठरली. मग ती हॉटेलवाल्यांना द्यायला कोण नाही म्हणणार? या बायका उपाशी मरतील, आह हुआय खुनी ठरेल, यातलं काहीच तुमच्या घशात अडकलं नाही."

"पुरावा?" चिन हुआत हसला. "शिंपल्यांचं तेल आणि नवसाच्या गप्पा?"

आह हुआय मागून आली. कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. तिने गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी सार्जंटच्या हातात ठेवली. आत कोंबड्याच्या चित्राची बशी होती, आणि तिला चिकटलेला तपकिरी लगदा.

"संडासाच्या खिडकीखाली सापडली," ती म्हणाली. "खिशाला डाग पडू नये म्हणून पिशवीत घातलीस, मेल्या? बुडेल वाटलं? आमच्या चिखलातून तीळभर तिसरी सुटत नाही, आणि ही तर माझी बशी!"

बायांनी दाताळी उचलली. सार्जंट मधे पडला नसता तर काय झालं असतं सांगवत नाही.

तेवढ्यात गर्दी फाटली. डोक्याला कापड गुंडाळलेली, पायात लोकरीचे मोजे घातलेली बी एंग भर वाऱ्यात चालत येत होती. ख्यू आंटी गेल्यावर तिने दाईकडून सगळं काढून घेतलं होतं, आणि गर्दीमागे थांबून उरलेलं ऐकलं होतं. मागून दाई ओरडत होती, "वारा लागेल! पोरी, महिना भरला नाही!"

बी एंग चिन हुआतसमोर थांबली. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावाने मिळून मला खोलीत कोंडून ठेवलं. एकाने जरी येऊन विचारलं असतं, तुझा बाप काय खायचा, तर त्याच संध्याकाळी तुला धरलं असतं. तू दोन दिवस माझ्या बापाच्या पेटीपाशी पाणी वाटत बसलास."

तिने त्याच्या बाहीवरचं सुतकाचं फडकं ओढून काढलं आणि पांगच्या बाहीला बांधलं.

मग ती आह हुआयकडे वळली. "मावशी, दार उघडा. बाबांच्या पेटीपुढे जेवण ठेवायचंय. दोन खणांचं भांडं काढा."

आह हुआयने सार्जंटकडे पाहिलंही नाही. नोटीस फाडली आणि दार उघडलं.

तिओ आह काऊ, वय एकोणसत्तर, १९९४ सालच्या ऑगस्टच्या अकरा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, इस्पितळाच्या वाटेवर पांगच्या लॉरीत वारले. नवस मोडलेला नव्हता.