अखजीपर्यंत टिकल्या तर…

"हालू नका… केसात माशी हाय."

मी विहिरीवर घागर भरत होते, अन् मागून हा आवाज. हलले नाही मी. पण परका माणूस खुशाल माझ्या वेणीला हात लावतो म्हटल्यावर डोकं भडकलंच.

"हात तोडीन!"

तोवर त्याने दोन बोटांनी माशी अलगद काढून सोडूनही दिली होती. वळून पाहिलं, तर उंच, सावळा, डोक्याला उपरणं… अन् हसू दाबायचा खटाटोप चाललेला.

"चावली असती तं तिचाच जीव गेला असता बिचारीचा."

"तिचा! अन् माझं काई नाई?"

"तुमी तं तिच्याहून तिखट आहा."

हा तोताराम. अमडापूरचा, आमच्या दूरच्या सोयऱ्यांतला. महाबळेश्वराकडे मधमाश्या पाळायचं शिकून आला होता. नवं राज्य झालं तशी सरकारने योजना काढली होती, बागायतदारांच्या मळ्यात लाकडी मधपेट्या ठेवायच्या. म्हणून तो सोनाळ्याला, आमच्या संत्र्याच्या बागेत.

"नाव तोताराम, अन् पाळते माशा?" मी म्हटलं.

"तोते पाळले असते तं तुमच्या बागेत कोन येऊ देल्लं असतं?"

बाप रे, बोलण्यात काही कमी नव्हता!

माझे बाबा, भगवानराव, कोणाला सहज मानणारे नव्हते. आमच्या गावात मोहोळ दिसलं की धूर करायचा, पोळं पिळायचं, माश्या गेल्या तर गेल्या. "वैशाखात इथं मानूस टिकत नाई, माशा का टिकतीन?" ते म्हणाले. "अखजीपर्यंत टिकल्या तं साऱ्या बागेत पेट्या ठेव अन् ऱ्हाय इथंच. नाई टिकल्या, तं पेटी उचल अन् गावाले जाय."

"हाव, मामा," तो म्हणाला. दूरच्या नात्याने तो त्यांना मामाच म्हणायचा. ते ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या उगाच तापल्या.

अखजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. तोवर ऊन अंगावर धावून येतं. त्याने पेटी आंब्याच्या दाट सावलीत ठेवली, वर ओलं पोतं टाकलं, शेजारी परातीत पाणी अन् पाण्यात तुराट्या, माश्यांना बसून पिता यावं म्हणून. पाणी घालायचं काम मी कधी माझ्याकडे घेतलं, मलाच कळलं नाही. बाबांना वाटायचं, पोरगी भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायला जाते.

एकदा त्याने पेटी उघडून दाखवली. उघडण्याआधी दाराशी जरासा धूर दिला, डोकं वाकवून आत पाहिलं. बांधावर उभ्या माझ्या आत्याने, सिंधूताईने, ते पाहून लांबूनच हात जोडले. आम्ही दोघं गालात हसलो.

अन् अखजी तोंडावर आली तशा माश्या बिथरल्या. दाराशी घोस करून बसायच्या, आत जायच्याच ना. तोतारामची थट्टा बंद झाली. त्याने दुसरं पोतं टाकलं, पेटी आणखी आत सरकवली. काही उपयोग नाही. "ऊन नाई हे… मंग काय हाय?" असं पुटपुटत तो पेटीभोवती फिरायचा. त्या माश्या गेल्या की हा जाणार, एवढंच मला दिसत होतं.

अखजीच्या आदल्या दुपारी त्या निघाल्याच. सगळा थवा घोंगावत बाहेर पडला, अन् आंब्याच्या शेंड्याच्या फांदीला लोंबकळला. तिथून उडाल्या की थेट सातपुड्यात.

बाबा आले. मागे आत्या, गडीमाणसं. "झालं? उचल पेटी."

तोतारामने वाकून पेटीच्या दाराखालून चिमूटभर राख उचलली, हुंगली. त्याची नजर आत्याकडे गेली. आत्याचा चेहरा उतरला होता. मग तो शांतपणे म्हणाला, "माझंच चुकलं, मामा. ऊन सांभाळाले जमलं नाई."

मी पुढे झाले. वास मलाही आला. आमच्या देवघरातला ऊद! आत्याने त्या दिवशी तोतारामचा धूर पाहिला अन् तिला वाटलं, ही माश्यांची पूजाच. रोज सकाळ-संध्याकाळ ती पेटीच्या दाराशी ऊद घालत होती… लक्ष्मी घरात राहावी म्हणून.

"खोटं काऊन बोलता?" मी त्याच्याजवळ जाऊन दात-ओठ खात म्हटलं. "हा आत्याचा ऊद हाय."

"हळू… चार मानसांत त्याईचं नाव घेऊ? मंग उद्या या घरी कोन्या तोंडानं येऊ?"

"कोनतं उद्या? तुमी तं चालले!"

"तुले मांगाले यीन ना…"

तुले! अन् आत्याचे कान भारी तिखट.

"भगवान," ती पुढे आली, "पोराची चूक नाई. म्याच ऊद घालत होती रोज. त्यानं त्या धुरकटल्या असतीन."

बाबांनी मान वर करून थवा पाहिला. आंब्यावर नुसता घोंगाट.

"अखजी उद्या हाय," बाबा शेवटी म्हणाले. "आज नाई. उतरव त्याईले."

तो पाण्याचा तांब्या अन् टोपली घेऊन चढला, थव्यावर पाणी शिंपडून त्या उडणार नाहीत असं केलं, मग फांदी झटकून थवा टोपलीत घेतला अन् खाली उतरला. खाली मी उघडी पेटी धरून उभी. त्याने टोपली हळूच पेटीवर उपडी केली. हातावर, मनगटावर माश्याच माश्या… एकीने डंख मारला, मी ओठ चावला पण पेटी सोडली नाही. एक लांबट, काळसर राणीमाशी चौकटीवरून चालत आत उतरली. मग तिच्यामागे सगळ्या, रांगेने. घोंगाट हळूहळू खाली बसला.

तोतारामने चारचौघांदेखत माझं मनगट धरलं, नखाने डंख काढू लागला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

"आक्का," ते आत्याला म्हणाले, "अमडापूरले निरोप धाडा. बोलनी कराले या म्हना."

डंख कधीचा निघाला होता. मनगट अजून त्याच्याच हातात.

"दुखते का?" तो.

"हाव," मी म्हटलं. "सोडू नका."